आबांची सायकल आणि चार दाते जास्त

तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, जी वापरात नाही, पण विकू म्हटलं की कुणीतरी रुसतं. आमच्याकडे ती आबांची सायकल. काळी रॅले, २८ इंची चाकं, वायरऐवजी लोखंडी दांड्यांचे ब्रेक. मागच्या चाकाच्या मधोमध एक जाडजूड हब आणि हँडलवर तीन गिअरचा छोटासा खटका. आबांनी ती साताऱ्यात सेकंडहँड घेतली होती. त्यांच्यामागे ती बाबांची झाली आणि गेल्या वर्षी बाबांबरोबर माझ्याकडे बंगळूरला आली.

आई गेल्यावर दीड वर्ष बाबा साताऱ्यात एकटेच राहिले. मग एकदाचे ‘येतो बाबा’ म्हणाले. सामान काय, तर दोन बॅगा आणि बसच्या डिकीत आडवी घातलेली सायकल. रात्री बेळगाव आल्यावर त्यांचा मेसेज आला, ‘किर्लोस्करांचं सायकलचं दुकान इथंच होतं.’ लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं, नांगर आणि पंप सगळं नंतर. बाबांना हे असलं सगळं पाठ असतं. मी त्यांना ‘झोपा आता’ एवढंच उत्तर पाठवलं होतं.

मी एचएसआर लेआउटला राहते, सेक्टर २ मध्ये. एचएसआर म्हणजे होसूर-सरजापूर रोड, त्या दोन रस्त्यांच्या बेचक्यात वसलेली वस्ती. बाहेरच्यांना वाटतं बंगळूर पठारावर आहे, म्हणजे सगळं सपाट असणार. सायकलवर बसलात की कळतं, तसं नाही. इथलं पाणी उतरत उतरत आगरा तलावाकडे जातं आणि तिथून पुढे बेळंदूरकडे. म्हणजे तलावाकडे जाताना उतार आणि परत येताना चढ. गाडीतून जाणवतही नाही असा. पासष्ट वर्षांच्या गुडघ्यांना मात्र बरोब्बर जाणवतो.

सुरुवातीचे दोन महिने बाबा रोज सकाळी सायकलवर तलावापर्यंत जायचे. फेरी मारायची, आगऱ्याच्या जगन्नाथ मंदिराशी हात जोडायचे, येताना कोथिंबीर आणायची. कानडी येत नाही, माझे मित्र त्यांच्या वयाचे नाहीत, आणि मी दिवसभर लॅपटॉपपुढे. त्यांचं म्हणून जे काही इथे होतं ते त्या सकाळच्या दीड तासात होतं.

मग ते कमी होऊ लागलं. एक दिवस ऊन लागतं म्हणाले. एक दिवस पाऊस येईलसं वाटतंय म्हणाले. एकदा तर ‘कोथिंबीर आहे की घरात’ हेही कारण झालं. मला वाटलं, कंटाळले असतील. एका शनिवारी मी बाल्कनीत चहा घेत उभी होते आणि बाबा कोपऱ्यावरून येताना दिसले. सायकल हातात धरून, पायी. आमच्या गेटच्या थोडं अलीकडे थांबले, रुमालानं तोंड पुसलं, दोन मिनिटं उभे राहिले. मग सायकलवर बसले आणि शेवटचे पन्नास पावलं पेडल मारत गेटातून आत आले. वॉचमनला हात केला.

मी त्यांना काही बोलले नाही. तुम्ही तरी काय बोलला असता?

पहिलं काम केलं ते डॉक्टरांचं. हे मुद्दाम लिहितेय, कारण चढावर धाप लागली तर आधी सायकलकडे नाही, माणसाकडे बघायचं असतं. ईसीजी झाला, रक्तदाब बघितला. सगळं वयाच्या मानानं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, फक्त चढावर जोर लावून रेटू नका. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता सांग कसं ते.

मग एका मोठ्या चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या मुलानं सायकलकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, ही भंगारात द्या सर, इलेक्ट्रिक घ्या. मी घरी येऊन खरंच एक इलेक्ट्रिक सायकल निवडून ठेवली. बाबांनी फोटो बघितला. म्हणाले, “मोटरवरच चालवायची तर मोटरसायकलच घेतो की गं.” इलेक्ट्रिक सायकल वाईट नाही, माझी एक मैत्रीण रोज तिच्यावरून ऑफिसला जाते. पण बाबांना सायकल नको होती. आबांची सायकल हवी होती, आणि ती चढायला हवी होती.

तेव्हा मी पहिल्यांदा त्या जाड हबमध्ये काय असतं ते शोधलं. (बीए इंग्लिशवाल्या मुलीनं यंत्र उघडायचं म्हणजे आधी वाचायचं, हे ओघानं आलंच.)

आपल्या नेहमीच्या गिअर सायकलला मागे लहान-मोठ्या दातेरी चाकांची चळत असते आणि चेन एकावरून दुसऱ्यावर उडी मारते. आबांच्या सायकलला मागे एकच दातेरी चाक. मेकॅनिक त्याला स्प्रॉकेट म्हणतात. गिअर सगळे हबच्या पोटात. आत एक छोटी ग्रहमालाच आहे आणि तिची नावंही तीच: मधे आसाला घट्ट बसवलेला ‘सूर्य’, २० दात्यांचा. त्याच्याभोवती चार ‘ग्रह’. आणि सगळ्यांना वेढणारं ६० दात्यांचं कडं. चेननं कडं फिरवलं आणि ग्रहांच्या चौकटीनं चाक फिरवलं, तर चाक पाऊणपट वेगानं फिरतं. तो पहिला गिअर, चढाचा. उलट केलं तर चाक सव्वापटीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे १.३३ पट फिरतं. तो तिसरा. दुसऱ्यात जेवढं स्प्रॉकेट फिरेल तेवढंच चाक.

हबवर ‘स्टर्मी-आर्चर’ असं नाव आहे, मॉडेल एडब्ल्यू. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला रॅले कंपनीच्या मालकानं १९०२ मध्ये ही हबची कंपनी काढली. गंमत म्हणजे तो पहिला तीन गिअरचा हब ज्यानं खरा घडवला, त्या विल्यम रायलीचं नाव हबवर नाहीच. आधीच्या एका करारात त्याचे हक्क अडकले होते, म्हणून पेटंट सहकारी आर्चरच्या नावानं घेतलं गेलं. आमच्या हबवर नावाखाली ५६ असा ठसा आहे. म्हणजे हब १९५६ सालचा, बाबांपेक्षाही वयानं मोठा. तुमच्याकडे असा हब असेल तर फडक्यानं पुसून बघा, सालाचे शेवटचे दोन आकडे सापडतील.

आता मुद्द्याची गोष्ट. हबच्या आतली ती पाऊणपट, एकपट वगैरे प्रमाणं बदलता येत नाहीत. पण बाहेरचं स्प्रॉकेट बदलता येतं, आणि ते बदललं की तिन्ही गिअर एकदम हलके होतात.

एका रविवारी आम्ही दोघांनी दाते मोजले. मी मोजले तर मागे १७ आले, बाबांनी मोजले तर १८. मग बाबांनी एका दात्यावर खडूची खूण केली आणि पुन्हा मोजलं. १८. पुढच्या चेनव्हीलला ४८. म्हणजे पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की दुसऱ्या गिअरमध्ये मागचं चाक २.६७ वेळा फिरणार आणि सायकल जवळजवळ ६ मीटर पुढे जाणार. पहिल्या गिअरमध्ये साडेचार मीटर, तिसऱ्यात जवळजवळ ८. पायाच्या एका फेऱ्यात सायकल जेवढी लांब जाईल तेवढा जोर जास्त, हे तर उघडच आहे. सपाट रस्त्यावर ८ मीटर छान वाटतात. चढावर साडेचारसुद्धा जड जातात.

मागे १८ ऐवजी २२ दाते लावले तर? हिशेब केला. पहिला गिअर ३.७ मीटरच्या आत, दुसरा ४.९, तिसरा साडेसहा. प्रत्येक गिअर सुमारे १८ टक्के हलका. नवा दुसरा गिअर जुन्या पहिल्याच्या जवळपास, आणि नवा तिसरा जुन्या दुसऱ्यापेक्षा थोडा वरचा. म्हणजे आपण गमावतो काय, तर जुना तिसरा. मी बाबांना विचारलं, तिसरा गिअर शेवटचा कधी टाकला होता?

“तुझ्या जन्माच्या आधी,” बाबा म्हणाले. “पोवई नाक्याच्या उतारावर.”

मग मी तो प्रश्न विचारला जो मला आधीच पडायला हवा होता. सातारा तर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव, नुसते चढ-उतार. आबा तिथे ही सायकल कशी चालवायचे?

“चढाला उतरायचे,” बाबा म्हणाले. “सगळेच उतरायचे. चढ आला की खाली उतरायचं, हातात धरून गप्पा मारत चालायचं. त्यात काय?”

त्यात काही नव्हतं. इथे आहे. इथे मागून स्कूटर हॉर्न वाजवते, डिलिव्हरीवाली पोरं वळून बघतात आणि सोबत गप्पा मारायला कुणी नसतं.

स्प्रॉकेट मिळेल का ही मला मोठी काळजी होती. पण या हबवर स्प्रॉकेट तीन खाचांमध्ये बसतं, आणि शिमानोच्या नेक्सस हबलाही तशीच तीन खाचांची बैठक असते. त्यामुळे आजचं नवीन स्प्रॉकेट १९५६ च्या हबवर चपखल बसतं. फार जुन्या हबवर मात्र खाचांऐवजी आटे असतात, तिथे हे जमत नाही. आधी बघून घ्या. मी २२ दात्यांचं ऑनलाइन मागवलं. चेनही बदलायची ठरली, कारण बाबांनी पट्टी लावून मोजली. नवी चेन २४ कड्यांना बरोबर १२ इंच भरते. आमची १२ इंच एक सूत भरली. एक सूत वाढली की चेन ताणली गेली, ती दात्यांनाही झिजवते. दोन्ही मिळून खर्च दीड हजाराच्या आत.

काम आम्ही एका झाडाखालच्या मेकॅनिकच्या मदतीनं केलं. त्यांची बंगळुरी दखनी आणि बाबांची सातारी हिंदी, पण दोघांचं इतकं जमलं की मी फक्त पाने देत होते. खटका तिसऱ्या गिअरवर टाकून वायर ढिली केली. हबमधून बाहेर येणारी बारीक साखळी सोडवली. चाकाचे नट काढले, चाक बाहेर. स्प्रॉकेट एका स्प्रिंगसारख्या गोल क्लिपनं अडकवलेलं असतं. ती पेचकसानं उचकटायची. तिच्यावर फडकं धरा आणि तोंड बाजूला ठेवा, कारण ती सुटली की कुठेही उडते. आमची शेजारच्या नारळवाल्याच्या ढिगात गेली. सगळ्यांनी मिळून शोधली. क्लिप निघाली की स्प्रॉकेट हातात येतं. नवं बसवायचं, वायसर होते त्याच क्रमानं, आणि क्लिप सगळीकडून खाचेत बसली ना ते बोटानं चाचपून बघायचं. चार दाते वाढले की चेनला साधारण दोन कड्या जास्त लागतात, किंवा चाक थोडं पुढे सरकवावं लागतं. आमचं चाक अर्धा इंच पुढे आलं. मग दांड्यांचे ब्रेक रिमला नीट टेकतील असे पुन्हा लावले. आमच्या सायकलला अर्धंच चेनकव्हर आहे. पूर्ण बंद असेल तर मोठं स्प्रॉकेट आत घासतं का ते आधी बघावं लागेल.

हबला तेल घालायचं छोटं झाकण आहे. त्यात किती वर्षं कुणी थेंब टाकला नव्हता देव जाणे. मेकॅनिकनं पातळ मशीन ऑइल घातलं आणि चाक फिरवलं. टिकटिक सुरू झाली. बाबा एकदम गप्प झाले.

आता माझी चूक सांगते. चाक अर्धा इंच पुढे आलं म्हणजे गिअरची वायर तेवढी ढिली पडणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. साखळी मी जोडली होती, फुशारकीनं. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक पोकळ जागा असते. वायर ढिली असेल तर दुसरा गिअर टाकल्यावर हब त्या पोकळीत जातो आणि पेडल मोकळं फिरतं. बाबा गल्लीच्या चढाला लागले, दुसऱ्या गिअरवर जोर दिला आणि पाय सट्कन खाली गेला. पडले नाहीत, पण पेडल नडगीवर बसलं. रक्त आलं.

मला रडूच फुटलं. हे सगळं मीच मागे लागून केलं होतं.

बाबांनी रुमाल बांधला, सायकल भिंतीला लावली आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसले. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक भोक असतं. त्यात डोळा लावून बघितलं. “दुसऱ्या गिअरला टाक,” म्हणाले. मी खटका टाकला. “आबा दर रविवारी या भोकातून बघायचे. मला वाटायचं आत काय सिनेमा लागलाय.” आतल्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर एका रेषेत यायला हवा, दुसऱ्या गिअरमध्ये असताना. आमचा आत राहिला होता. बाबांनी साखळीवरचा बारीक नट दोन-तीन फेरे फिरवला, पुन्हा बघितलं, अर्धा फेरा मागे घेतला, चिमटीत धरून आवळला. त्यांना हे येत होतं. मी इतके दिवस रात्र रात्र जागून वाचत होते आणि त्यांना विचारलंच नव्हतं.

तर तुमच्याकडे असा हब असेल तर चढावर जाण्याआधी हे बघा. सपाट रस्त्यावर तिन्ही गिअर आधी हलक्या पायानं तपासा, उभं राहून पेडल मारू नका. बाबा म्हणतात कानानंही कळतं. दुसऱ्या, तिसऱ्यात हब टिकटिकतो आणि पहिल्यात पेडल मारताना गप्प असतो.

२२ च्याही पुढे जावं का? मी मोह आवरला. पुढचे दाते मागच्यांच्या दुपटीपेक्षा खाली आणले तर जुन्या हबच्या आतल्या दात्यांवर ताण फार येतो, आणि इतक्या जुन्या सोयऱ्याला किती राबवायचं? पुढचं चेनव्हील लहान करणं हाही एक मार्ग आहे, पण जुन्या सायकलला क्रँक कॉटर पिननं ठोकून बसवलेले असतात. ते काढताना हातोडीचे घाव बेअरिंगवर बसतात. मागचं स्प्रॉकेट सोपं.

तुमच्याकडे नेक्ससची तीन किंवा सात गिअरची सायकल असेल तरी हिशेब हाच. आणि गिअर नसलेली साधी काळी सायकल असेल, तर मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० किंवा २२ चं बसवता येतं, कुठलाही जुना मेकॅनिक करून देईल. पण काहीही बदलण्याआधी फुकटातल्या गोष्टी बघा. टायरमध्ये हवा बाजूवर छापलीय तेवढी आहे का. ब्रेक घासतोय का. सीट खूप खाली आहे का. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकवली की पाय सरळ व्हायला हवा. बाबांची सीट दोन इंच खाली होती. गुडघ्याचं अर्धं दुखणं त्यातच होतं असं मला वाटतं.

आता तीन आठवडे झाले. पहिल्या दिवशी मी बाल्कनीत उभी होते, पण पडद्याआड. बाबा कोपऱ्यावरून आले, सीटवर बसून, सावकाश, पाय भरभर फिरवत. सायकल इतकी हळू होती की शेजारचं कुत्रं तिच्या बरोबरीनं चालत होतं. पण गेटपर्यंत आले. वॉचमननं काहीतरी कानडीत विचारलं, बाबांनी खाली वाकून मागचं स्प्रॉकेट दाखवलं. दोघं बराच वेळ तिथे होते. वॉचमनचीही सायकल आहे, म्हणे. काळी, बिनगिअरची.

काल बाबा दहा वाजले तरी आले नाहीत. फोन घरीच होता. मी चप्पल घालून निघणार तेवढ्यात आले, हँडलला वांग्यांची पिशवी. त्या झाडाखाली बसलो होतो, म्हणाले. तिथे अजून एक जुना स्टर्मी-आर्चर आलाय, कुणा तमिळ आजोबांचा. त्याचा खांदा रेषेत येत नव्हता.

१८ दात्यांचं जुनं स्प्रॉकेट मी टाकून देणार होते. बाबांनी ते पुसून, तेल लावून, चकलीच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. सपाटीच्या गावाला राहायला गेलो तर लागेल म्हणतात.